सोबत्याच्या नजरेआड केलेली चोरी : अणुयुद्धोत्तर रोल-प्लेइंग गेममधले सोबती आणि नीती

सांजवाट (प्रश्न)

मी सध्या ‘फॉलआउट ४’ दुसऱ्यांदा खेळत आहे आणि त्यात घडलेली एक लहानशी गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. माझ्याबरोबर कॉड्सवर्थ होता. ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते की, कॉड्सवर्थ हा नायिकेच्या घरचा यंत्रमानव आहे. युद्धाआधी तो तिच्या तान्ह्या बाळाकडे पाहत असे आणि बॉम्ब पडल्यानंतर २१० वर्षे त्याच पडक्या घराची निगा राखत मालकांची वाट पाहत राहिला. त्याला चोरी आवडत नाही. त्याच्यादेखत आपण कुणाची वस्तू उचलली, की पडद्याच्या कोपऱ्यात ‘कॉड्सवर्थला हे आवडले नाही’ अशा अर्थाची ओळ उमटते आणि त्याच्या मनातले आपले स्थान थोडे खाली येते. माझे स्टिमपॅक (जखमा भरून काढणारे औषध) संपले होते आणि एका वस्तीतल्या घरात, दुसऱ्याच्या मालकीच्या पेटीत, ते पडलेले होते. मी कॉड्सवर्थला भिंतीच्या पलीकडे थांबायला सांगितले, आत जाऊन पेटी रिकामी केली आणि बाहेर येऊन त्याला पुन्हा बरोबर घेतले. ती ओळ उमटली नाही. तो नेहमीच्याच अदबीने माझ्या मागे तरंगत आला आणि त्या अदबीनेच मला खजील केले.

माझा प्रश्न असा आहे. अशा गेममधले सोबती आपल्याला नीतीचे भान देतात असे आपण म्हणतो. पण त्यांच्या नजरेआड जर सारे चालत असेल, तर त्या भानाला नीती म्हणावे की केवळ मर्जी सांभाळणे? आणि ज्या गेममध्ये हे खरोखर जमले आहे असे तुम्हाला वाटते, तिथे नेमके काय वेगळे केले आहे?

राखाडी वाटसरू

तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मला ‘फॉलआउट ४’च्या आधीच्या भागापासून द्यावेसे वाटते, कारण ज्या अडचणीवर उपाय म्हणून सोबत्यांची ही मर्जी आणली गेली, ती अडचण तिथे स्पष्ट दिसते. २००८ सालच्या ‘फॉलआउट ३’मध्ये कर्मा नावाचा एकच आकडा होता आणि तो आकडा सर्वज्ञ होता. बंद खोलीत, कोणीही पाहत नसताना उचललेल्या वस्तूचीही त्यात नोंद होत असे. म्हणजे तुमची भिंतीआडची चोरी तिथे लपली नसती. तरीही त्या आकड्याने मला कधी खजील केले नाही, कारण तो सर्व काही पाहत असला तरी त्याला काहीच समजत नव्हते. मेगाटन हे अख्खे गाव अणुबॉम्बने उडवून देणारा खेळाडू पुढे तहानलेल्या भिकाऱ्यांना शुद्ध पाण्याच्या बाटल्या देत राहिला, तर घसरलेला कर्मा हळूहळू वर चढवू शकतो. मेलेल्या गावाची भरपाई पाण्याच्या बाटल्यांनी करता येते असे मानणारा हिशेब नीतीचा असू शकत नाही.

सोबतीही त्याच आकड्याला बांधलेले होते. फॉक्स आणि स्टार पॅलाडिन क्रॉस यांना चांगला कर्मा लागतो, जेरिको आणि क्लोव्हर यांना वाईट, तर बुच मधल्या मापाच्या माणसाबरोबर येतो. तुम्ही काय केले हे यांच्यापैकी कोणी विचारत नाही. दारावर तिकीट तपासावे तसा आकडा तपासला जातो. या सगळ्यात मला एकच प्रसंग खरा वाटला आणि तो सोबत्याचा नव्हताच. मेगाटन उडवून झाल्यावर पुढे कधीतरी नायकाची आपल्या वडिलांशी गाठ पडते आणि ते त्या कृत्याबद्दल थेट बोलतात. त्यांचा आवाज चढत नाही. आपल्या मुलाने हे केले याचे दुःख तेवढे त्यात असते. आकडा हजाराने घसरला तेव्हा मला काहीच वाटले नव्हते. त्या चार वाक्यांनंतर मात्र मी कंट्रोलर खाली ठेवला होता.

शेवटाचा प्रसंगही इथे सांगायला हवा. किरणोत्साराने भरलेल्या कक्षात कुणीतरी जाऊन यंत्र सुरू करायचे असते आणि आत जाणारा जिवंत परतणार नसतो. आपल्या शेजारी फॉक्स उभा असतो, ज्याला किरणोत्साराने काहीही होत नाही आणि ज्याने काही काळापूर्वी तशाच कक्षातून आपल्यासाठी एक वस्तू आणून दिलेली असते. तो नकार देतो आणि हे तुझे विधिलिखित आहे, मी त्यात पडणार नाही, असे काहीसे सांगतो. नकार देणारा सोबती मला हवाच आहे, पण त्या नकाराला त्याच्या स्वभावात मूळ असायला हवे. इथे कथेचा शेवट आधी ठरला होता आणि मित्राला त्यात कोंबण्यात आले. २००९ साली ‘ब्रोकन स्टील’ या जोडभागाने त्याला आत पाठवण्याची सोय केली खरी, पण तसे केल्यावर शेवटचे निवेदन आपल्यालाच उणे लेखते. बलिदान टाळता येण्यासारखे असूनही केले तरच ते थोर, हा आग्रह मला आजही पटत नाही.

लाल टोपी

वाटसरू यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. ‘यात खरोखर जमले आहे’ असे मी ज्याबद्दल म्हणेन तो गेम २०१० सालचा ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ आहे, आणि माझ्या मते तिथला मुख्य फरक एवढाच की सोबती आपल्याला जोखण्याआधी आपल्यावर विसंबतो.

बूनचे उदाहरण घ्या. नोव्हॅक नावाच्या वस्तीत डायनासोरच्या भल्यामोठ्या पुतळ्याच्या जबड्यात बसून तो रात्रीचा पहारा देतो. त्याच्या गरोदर पत्नीला वस्तीतल्याच कुणीतरी गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकले आहे आणि ते कुणी केले हे त्याला ठाऊक नाही. तो आपल्याला स्वतःची लाल बेरे टोपी देतो आणि सांगतो की जो दोषी असेल त्याला रात्री पुतळ्यासमोर घेऊन या आणि ही टोपी डोक्यावर चढवा. पुढचे मी पाहतो, असे तो म्हणतो. शोध घेतला तर मोटेलच्या कार्यालयातल्या तिजोरीत विक्रीची पावती सापडते. तिच्यात पत्नीची रक्कम वेगळी लिहिलेली आहे आणि अजून न जन्मलेल्या बाळाची वेगळी. कारकुनी भाषेतला तो कागद वाचताना अंगावर काटा येतो. मात्र त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की पुरावा न शोधता, कुणाही निरपराध माणसाला त्या पुतळ्यासमोर नेऊन टोपी घातली, तरी बून गोळी झाडतो. त्याने न्याय करण्याचा अधिकार पूर्णपणे आपल्या हाती दिलेला असतो. मी ती टोपी हातात धरून बराच वेळ अंधारात उभा होतो. पुरावा माझ्याकडे होता, संशयाला जागा नव्हती, तरीही ती टोपी डोक्यावर चढवणे म्हणजे कुणाला तरी मारणे आहे हे त्या एका साध्या कृतीने जसे जाणवले तसे बंदुकीचा चाप ओढताना कधी जाणवले नव्हते.

शिवाय बून स्वतः निर्दोष नाही. बिटर स्प्रिंग्ज येथे पळून जाणाऱ्या बायका, मुले आणि म्हाताऱ्यांवर आदेशानुसार गोळ्या झाडणाऱ्यांत तो होता. त्याचा हा भूतकाळ कळल्यावर त्याने माझ्याविषयी दिलेला कौल मी वेगळ्या रीतीने ऐकू लागलो. आपण सीझरच्या लीजनशी, म्हणजे माणसांना गुलाम करणाऱ्या सैन्याशी, हातमिळवणी केली तर तो निघून जातो आणि त्या वेळी आपला कोणताही युक्तिवाद त्याला थांबवू शकत नाही. वरून कुणीतरी लावलेल्या आकड्यापेक्षा, अपराधाचे ओझे वाहणाऱ्या माणसाने ‘इथून पुढे मी तुझ्याबरोबर नाही’ असे सांगणे कितीतरी जड जाते. (कर्मा ‘न्यू व्हेगास’मध्येही उरला आहेच, आणि तो तितकाच आंधळा आहे : माणसांना गुलाम करणाऱ्या लीजनच्या छावणीतून औषध उचलले तरी तो घटतो.)

तिसरा पहारा

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. मर्जीची पद्धत वाटते तितकी पोकळ नाही. तिचा वापर कसा होतो यावर सारे अवलंबून आहे. ‘फॉलआउट ४’मध्ये प्रत्येक सोबत्याची आवड वेगळी आहे आणि त्यामुळे एकच कृत्य एकाला रुचते व दुसऱ्याला खटकते. सांजवाट यांच्या पेटीचे कुलूप तोडले असते तर केटला ते आवडले असते. स्ट्राँगला तर नरमांसभक्षणही मान्य आहे. याचा अर्थ त्या गेममध्ये नीती नाही असा मी घेत नाही. सर्वांना मान्य अशी नीती त्या उद्ध्वस्त जगात उरलेली नाही, असा घेतो.

आणि डान्स या सोबत्याला विसरू नका. कृत्रिम माणसांचा द्वेष करणारा, ती नष्ट केली पाहिजेत असे मनापासून मानणारा हा सैनिक स्वतःच कृत्रिम आहे असे उघड होते, त्याला ठार करण्याचा आदेश आपल्यालाच मिळतो, आणि आपण त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो त्या आदेशाच्या बाजूने बोलत असतो. इथे मर्जीचा आकडा कामाचा नसतो. जो माणूस इतके दिवस आपल्याला शिस्तीचे धडे देत होता, त्याला त्याच्याच तत्त्वापासून वाचवायचे की नाही, हे आपल्याला ठरवावे लागते.

सांजवाट

सर्वांचे मनापासून आभार. लाल टोपी यांचा मुद्दा वाचून माझ्या प्रसंगाकडे मी पुन्हा पाहिले. कॉड्सवर्थसमोर मला लाज वाटली ती आकड्यामुळे नव्हतीच, कारण आकडा हललाच नव्हता; ज्याने २१० वर्षे माझी वाट पाहिली त्याला मी भिंतीआड उभे केले, म्हणून वाटली. काल रात्री मी तेच स्टिमपॅक परत त्या पेटीत ठेवून आले. गेममध्ये याची कुठेही नोंद होत नाही आणि कॉड्सवर्थही काही बोलला नाही.

एक उपप्रश्न विचारते. जुनी सेव्ह फाइल (खेळाची आधी साठवलेली स्थिती) उघडून मी चोरी झालीच नाही असेही करू शकले असते. कोणताही निर्णय असा पुसता येत असेल तर सोबत्याच्या निघून जाण्याला वजन राहते का?

कोरडी विहीर

या उपप्रश्नापुरते लिहिते. २०१४ सालच्या ‘वेस्टलँड २’मध्ये सुरुवातीलाच दोन वस्त्या एकाच वेळी रेडिओवरून मदत मागतात : हायपूल, जिथून पाणी मिळते, आणि अॅग सेंटर, जिथे अन्न पिकते. एकीकडे गेलो की दुसरी बुडते आणि ती बुडत असताना तिथल्या माणसांचे आवाज रेडिओवर येत राहतात. मी सेव्ह फाइल उघडून दुसरा मार्गही घेऊन पाहिला. त्याने काही पुसले गेले नाही, उलट दोन्हीकडचे आवाज माझ्या कानात राहिले. निर्णय फिरवता आला तरी त्या निर्णयाने काय होते हे एकदा कळले की ते नकळते करता येत नाही.

याच मालिकेतल्या १९८८ सालच्या पहिल्या गेममध्ये वाटेत सामील झालेले साथीदार कधीकधी आपला हुकूम पाळत नसत, मागितलेली वस्तू देत नसत. तेव्हा ती कटकट वाटे. आता वाटते की सोबती कसा असावा याचे मर्म त्यात आले होते. पुढे काही गेमनी सोबत्याला ओझी वाहणारा इतका आज्ञाधारक करून टाकला, की तो सोडून जाईल तेव्हा आपल्याला माणसाची नव्हे, त्याच्याजवळ ठेवलेल्या बंदुकांची काळजी लागते.

लाल टोपी

सांजवाट, तुम्ही स्टिमपॅक परत ठेवले हे वाचून मला ‘न्यू व्हेगास’मधली लिली आठवली, कारण तिथेही ‘आवडले’ किंवा ‘नावडले’ अशी ओळ उमटत नाही. लिली ही नाइटकिन, म्हणजे महाकाय उत्परिवर्तित जीव, झालेली आजी आहे. तिच्या डोक्यात लिओ नावाचा एक हिंसक आवाज बोलतो आणि लढाईत जबर जखमी झाली की तिचे भान हरपते. औषधाची पूर्ण मात्रा घेतली तर लिओ गप्प होतो, पण त्याबरोबर नातवंडांच्या आठवणीही विरत जातात. ती पूर्ण मात्रा घ्यावी, अर्धी घ्यावी की मुळीच घेऊ नये, हे ती आपल्याला विचारते. डॉक्टर पूर्ण मात्रेच्या बाजूचे आहेत. मी अर्धीच चालू ठेवायला सांगितले. ज्या आठवणींवर ती जगते त्या काढून घेण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटले नाही.

राखाडी वाटसरू

लिलीच्या बाबतीत मी पूर्ण मात्रा सुचवली होती आणि आजही तेच करीन. आठवणी तिच्या आहेत हे खरे, पण भान हरपल्यावर तिच्या हातात तलवार असते आणि आसपास इतर माणसे असतात. त्यांना कुणीच काही विचारलेले नसते. शेवटच्या निवेदनात तिची नातवंडे तिच्यापासून दुरावल्याचे ऐकले तेव्हा फार वाईट वाटले. तरीही मी सेव्ह फाइल उघडली नाही.