झिंकचा रिपोर्ट आणि वडिलांची गोळी

वर विचारलंय की वडिलांचं रक्तातलं झिंक कमी निघालं, प्रोस्टेटच्या भीतीने ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू केली, चालू ठेवावी का? कृपया नको. प्रोस्टेटमध्ये झिंक भरपूर असतं आणि कॅन्सरच्या पेशींत ते उतरतं, हे खरं. पण गोळीने धोका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट २००३ च्या एका अमेरिकी पाहणीत रोज १०० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत बळावलेला कॅन्सर जास्त दिसला. मोठ्या माणसाला झिंकची रोजची कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅमची. त्यावर महिनोन्महिने गेलं की तांबं शोषलं जात नाही, हिमोग्लोबिन घसरतं, पाय बधिर होतात. सेलेनियम या दुसऱ्या खनिजाच्या गोळीनेही, प्रोस्टेट कॅन्सर टळतो का हे पाहणाऱ्या 'सिलेक्ट' नावाच्या चाचणीत ३५,००० हून अधिक पुरुषांत फायदा दिसला नाही.

मुळात रिपोर्टच पुन्हा करा. जेवणानंतर, दुपारी किंवा ताप असताना रक्त घेतलं तर झिंक कमीच दिसतं. सकाळी उपाशीपोटी द्या, गडद निळ्या झाकणाची ट्यूब मागा. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातून झिंक मिसळतं. घरी घेतलेला नमुना उकाड्यात तासन्‌तास फिरून रक्तपेशी फुटल्या तर आकडा फुगतो, म्हणून शक्यतो लॅबमध्येच जा.

लघवीची धार बारीक झाली असेल तर युरॉलॉजिस्टकडे न्या: पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि लघवीनंतर किती उरते ते बघणारी सोनोग्राफी.