मदत हवी आहे: चिपळूणच्या घराचा पुरासाठी विमा काढावा का?

नमस्कार मंडळी, आमचं घर चिपळूणला बाजारपेठेच्या मागे आहे, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तळमजल्यात घुसलं आणि फ्रीज, कपाटं, गाद्या, आईचं शिलाई मशीन सगळं चिखलात गेलं. विमा नव्हता. आता आईबाबा तिथेच राहणार म्हणतायत, त्यामुळे यंदा पावसाच्या आधी काहीतरी नक्की करायचंय. फक्त पुराची वेगळी पॉलिसी शोधत होते पण एजंट म्हणाला भारत गृह रक्षा ही घराच्या विम्याची पॉलिसी घ्या, त्यात आग, भूकंप, पूर सगळं येतं, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामान आपोआप कव्हर होतं. रक्कम बांधकामाच्या खर्चावर धरतात, जागेची किंमत त्यात नसते, हे पटलं. पण घर जुनं आहे, जांभ्या दगडाचं, वर कौलं, अशा घराला खरंच क्लेम मिळतो का? सामानाची बिलं नसतील तर सर्व्हेअर (विमा कंपनीकडून नुकसान तपासायला येणारा) काय मागतो? चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरकडच्या कुणी पुरानंतर क्लेम केला असेल तर किती कापून मिळाले तेही सांगा प्लीज. मला वाटतं घ्यावाच, बाबा म्हणतात त्या पैशात सामान ठेवायला वर माळा बांधू.