मदत हवी आहे: ३१ अंगणवाड्या, मधे डोंगर. सेविकांना लांबून सांभाळायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी एकात्मिक बाल विकास योजनेत पर्यवेक्षिका आहे. पहिली सहा वर्षं साताऱ्याकडच्या एका बीटात (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांचा गट) काढली. तिथे सकाळी स्कूटी काढली की संध्याकाळपर्यंत चार अंगणवाड्या सहज व्हायच्या. दीड वर्षापासून सातपुड्यात आहे. माझ्या बीटात २२ अंगणवाड्या, आणि शेजारच्या बीटाचं पद रिकामं असल्यामुळे तिथल्या ९ पाड्यांचा अतिरिक्त कार्यभार. सात पाड्यांना गाडीरस्ता नाही. तीन नर्मदेच्या काठाला, तिथे बार्जने जायचं. पावसाळ्यात काही सेविकांची आणि माझी दोन-दोन महिने गाठ पडत नाही.

मग उरतो तो व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. सकाळी अंगणवाडी उघडल्याचा फोटो, दुपारी गरम ताज्या आहाराची हजेरी, महिनाअखेरीला पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर किती मुलांचं वजन-उंची भरली, टीएचआर (घरी न्यायचा शिधा) देताना मोबाईलवर किती जणींचा चेहरा जुळला. वरून मला रोज टक्केवारी विचारतात, मी खाली विचारते. गेल्या वर्षी मी एक पद्धत सुरू केली. ज्यांचं काम ७० टक्क्यांच्या खाली, त्यांची नावं एक्सेलमध्ये लाल करायची आणि त्याचा फोटो रोज रात्री ग्रुपवर टाकायचा. दोन महिन्यांत बीट ९६ टक्क्यांवर गेलं. आढावा बैठकीत माझं कौतुक झालं. मला खरंच वाटलं होतं की आपल्याला जमलं.

पाऊस उघडल्यावर एका पाड्यावर चालत गेले. तपासणीला म्हणून नाही, रस्ता मोकळा झाला म्हणून. तिथे वीस महिन्यांची एक मुलगी आजीच्या कडेवर होती. नोंदीत तिचं वजन ८ किलो ६००. मला बघूनच शंका आली. पिशवीतला काटा काढून टांगला, ७ किलो १०० भरलं. दंडाला घेर मोजायची पट्टी लावली तर ११.२ सेंटिमीटर, म्हणजे लाल पट्ट्यात. मुलगी सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित होती आणि आमच्या कागदावर धडधाकट.

मी सेविकेवर चिडले. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "मॅडम, जूनपासून काटा अडकतो. मी दोनदा ग्रुपवर लिहिलं. तुम्ही बघितलं नाही. मग लाल यादीत नाव आलं, माझ्या भाचीनं वाचलं, सगळ्या पाड्यात झालं. मग मी मागच्या महिन्याचं वजन थोडं वाढवून भरलं."

रात्री मी ग्रुपमध्ये मागे जाऊन शोधलं. तिचे दोन्ही मेसेज होते, एकावर एक चढलेल्या चाळीस फोटोंच्या मधे. एकावर तर मी अंगठ्याचं चिन्हही टाकलेलं होतं.

मुलीला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायला तीन दिवस गेले. आई तयार नव्हती. घरी अजून दोन लहान आणि कापणी तोंडावर. शेवटी त्या सेविकेनंच तिला पावरीत, इथल्या बोलीत, समजावलं आणि स्वतः बरोबर गेली. मी त्या जागी असते तर मला जमलं नसतं. मला पावरी येत नाही. ज्या बाईला मी लाल केलं होतं तिच्याकडे हे होतं आणि मला ते माहीतच नव्हतं.

यादी मी त्याच आठवड्यात बंद केली. पण पुढे काय करायचं ते कळत नाही. रोजची टक्केवारी मला द्यावीच लागते, ते माझ्या हातात नाही. महिन्याला जेमतेम दहा-बारा भेटी होतात, त्या कुणाला द्यायच्या? काही सेविका वीस वर्षांच्या अनुभवाच्या आहेत पण मोबाईल हातात घेतला की घाबरतात. नव्या मुली मोबाईलवर पटापट भरतात, पण आईशी बोलताना अडखळतात. टीएचआरच्या दिवशी दोन पाड्यांवर सेविका बायकांना पोरांसकट रेंजच्या टेकडीवर घेऊन जाते, तरी चेहरा जुळत नाही, आणि शिव्या तिला बसतात. यांना मी लांबून काय शिकवू शकते, आणि त्या खरं सांगतील असं कसं करू? ज्यांनी तालुक्याच्या टोकाला विखुरलेली माणसं सांभाळली आहेत, मग खातं कुठलंही असो, त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद: शेवंती

ताई, मी सेविका आहे, १८ वर्षं झाली. तुमच्या भागातली नाही. एकच सांगते. मॅडमचा फोन आला की आमच्या छातीत धस्स होतं, कारण तो कधीच साधा नसतो. आमच्या आधीच्या मॅडम महिन्यातून एकदा फोन करायच्या आणि फक्त विचारायच्या, "या महिन्यात कुठलं पोर तुला काळजीत टाकतंय?" बाकी काही नाही. त्या फोनची आम्ही वाट बघायचो. २०२१ मध्ये आम्ही महाराष्ट्रभर सरकारी मोबाईल परत केले होते, ते काम नको म्हणून नव्हे. फोन चालत नव्हते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. तुम्ही त्या मेसेजवर अंगठ्याचं चिन्ह टाकलं ना, त्याचं तिला यादीपेक्षा जास्त लागलं असेल.

प्रतिसाद: खात्याबाहेरचा

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, टीम तीन शहरांत आहे. आम्ही रोज सकाळी पंधरा मिनिटं व्हिडिओ कॉलवर भेटतो, त्यात फक्त अडचणी सांगायच्या. तुम्हाला असं काही जमेल का?

प्रतिसाद: धागाकर्ती

दादा, धन्यवाद. पण ३१ पैकी १४ जणींना अंगणवाडीत रेंज नाही. व्हिडिओ तर सोडाच, साधा फोनही संध्याकाळी ठरावीक दगडावर उभं राहिलं तर लागतो. "फक्त अडचणी सांगायच्या" हे मात्र मी घेतलं.

प्रतिसाद: जुना प्रकल्पवाला

मॅडम, मी बाल विकास प्रकल्प अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तुमची पोस्ट दोनदा वाचली. जरा लांब लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा मराठवाड्यात होतो. त्या वेळी कुपोषणाच्या श्रेणी होत्या, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं मूल म्हणजे गंभीर. माझ्या प्रकल्पात अशी मुलं कागदावर जवळजवळ नव्हतीच. २००२ च्या सुमारास औरंगाबाद विभागात व्ही. रमणी आयुक्त असताना प्रत्येक मुलाचं वजन घेण्यावर भर आला. पुढे २००५ मध्ये कुपोषणासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं त्याची मुळं तिथली. आम्ही पाड्या-तांड्यावर बसून वजनं घेतली आणि आमचा आकडा एकदम वर गेला. पहिल्या बैठकीला मी हातपाय गाळून बसलो होतो. पण वाढलेल्या आकड्याबद्दल तेव्हा मला कुणी झोडपलं नाही, आणि माझ्या हाताखालच्या बायका त्यानंतर खरं लिहायला लागल्या. सेविका खरं लिहिते की नाही हे तिच्या स्वभावावर थोडं आणि आकडा वाढल्यावर तिच्या वरचा माणूस काय करतो यावर जास्त ठरतं.

तेव्हा तुमच्या सगळ्या प्रश्नांत मी हे आधी करीन. तुमच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना आजच लेखी टिपणी द्या: सगळे काटे तपासून फेरवजन घेत आहे, पुढचे दोन महिने सॅम-मॅमची (तीव्र आणि मध्यम कुपोषित मुलांची) संख्या वाढेल, कारण असं असं. आकडा वाढायच्या आधी द्या. नंतर दिलेलं स्पष्टीकरण सबब वाटतं. आणि पोच घ्या.

ग्रुप दोन करा. एकात फक्त फोटो आणि आकडे, त्यावर तुम्ही काही बोलायचं नाही. दुसऱ्यात फक्त "हे अडलंय": काटा, सडलेला शिधा, गळकं छप्पर, न जुळणारा चेहरा. त्याची एक वही ठेवा. तारीख, पाडा, अडचण, मी काय केलं. जे तुमच्या हातात नाही तेही लिहा, आणि सेविकेला कळवा की वर पाठवलं, या तारखेला. चेहरा न जुळण्याचं तुम्ही सोडवू शकणार नाही, पण तिच्या नावावर ठपका राहणार नाही एवढं त्या वहीनं होतं.

भेटींचं म्हणाल तर आपण सगळे रस्त्याकडेच्या अंगणवाड्या आधी करतो, दौरा दैनंदिनी भरते म्हणून. उलटं करा. ज्यांना रस्ता आहे त्यांना बीट बैठकीत भेटता येतं. पाय मोडायचे ते बिनरस्त्याच्या पाड्यांसाठी. आणि गेलात की रजिस्टर मागू नका. ती एका घरी गृहभेटीला जाईल तिच्या मागे जा, गप्प बसा, परत येताना वाटेत बोला.

शेवटचं, आठवडे बाजार. डोंगरातली सेविका मिटिंगला यायला कुरकुर करेल, पण बाजाराला येणारच. मी दर बाजाराला दोन तास एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसायचो. ज्यांना यायचं त्या यायच्या. निम्मं प्रशिक्षण तिथे झालं. पोषण अभियानात प्रशिक्षणाची ती २१ मॉड्यूल दिली होती, महिन्याला एक शिकवा म्हणून. त्यातलं एक घ्या, पण तुम्ही वाचून दाखवू नका. पुढच्या महिन्याचं एका सेविकेला द्या, तिला तिच्या भाषेत सांगू द्या.

प्रतिसाद: उपकेंद्र

मी एएनएम, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका आहे. ताई, गाव आरोग्य-पोषण दिवसाला आम्ही पाड्यावर जातोच, आमच्याकडे काटा आणि दंडाची पट्टी असते. ज्या पाड्यांचे काटे बंद आहेत त्यांची यादी आमच्या आरोग्य सहायिकेला द्या, त्या दिवशी वजन आमच्या काट्यावर घेता येईल. नवा काटा यायला किती महिने लागतात ते आपल्या दोघींना माहीत आहे.

प्रतिसाद: धागाकर्ती (दोन महिन्यांनी)

सगळ्यांचे आभार. लिहायला उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही घडू द्यायचं होतं.

बीट बैठकीत मी आधी माफी मागितली. यादीबद्दल आणि न वाचलेल्या मेसेजबद्दल, त्या सेविकेच्या समोर. कुणी काही बोललं नाही. चहा झाल्यावर मात्र तीन जणींनी येऊन आपापल्या काट्याचं सांगितलं. सगळे तपासले तर ३१ पैकी सहा बिघडलेले निघाले. एएनएम ताईंच्या सूचनेप्रमाणे चार पाड्यांवर आरोग्याच्या काट्यावर वजनं घेतली. बीटातली सॅम मुलं ४ होती, ती १३ झाली. लेखी टिपणी मी आधी दिली होती. तरी आढाव्यात सगळ्यांसमोर विचारणा झालीच, आणि माझं बीट आता शेवटून दुसरं आहे. रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण टिपणीची पोच दाखवल्यावर कारणे दाखवा निघाली नाही, आणि १३ पैकी ९ मुलं ग्राम बाल विकास केंद्रात दाखल आहेत. त्यांची नावं मला पाठ आहेत. आधी टक्के पाठ असायचे.

मंगळवारच्या बाजाराचं सगळ्यात चांगलं जमलं. पहिल्या वेळी दोघी आल्या, तिसऱ्या वेळी अकरा. एक नवी मुलगी तिथे बसून एका जुन्या सेविकेला ट्रॅकरवर उंची कशी भरायची ते दाखवत होती. तीच जुनी ताई नंतर तिला सांगत होती की सासू दारात उभी असेल तर सुनेला खाण्याबद्दल काही विचारायचं नाही, आधी सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायची. हे मला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मीही रोज दोन-तीन वाक्यं पावरी शिकते आहे.

दोन ग्रुपांचं अर्धवट जमलंय. "हे अडलंय" मध्ये पहिले पंधरा दिवस एकही मेसेज नव्हता. मग एकीनं तांदळात पोरकिडे असल्याचा फोटो टाकला. मी वहीत लिहून दोन दिवसांत पोतं बदलून घेतलं, तेव्हा बाकीच्या लिहू लागल्या. आता वहीत २६ नोंदी आहेत, त्यातल्या ११ मिटल्या.

ती मुलगी १४ दिवसांनी घरी आली. सेविका दर शनिवारी नव्या काट्याचा फोटो पाठवते. मी तो मागितला नव्हता. कालचा ७ किलो ९००.

आता अडलंय ते दोन ठिकाणी. काठावरच्या तिघी मंगळवारी येत नाहीत, त्यांचा बाजार नदीपलीकडे भरतो. आणि दिवाळी झाली की निम्मे पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातील, ते थेट होळीला परततील. त्या १३ पैकी किमान पाच मुलं जाणारी आहेत. जाणाऱ्या आईजवळ पट्टी आणि तिच्या सेविकेचा नंबर द्यावा असं आमच्या बाजाराच्या ओट्यावर ठरलंय, पण तिकडे रेंज असली तरी फोन मुकादमाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. स्थलांतरित कुटुंबांशी असा संपर्क कुणी टिकवला असेल तर कसा, ते सांगा. पहिली गाडी साधारण तीन आठवड्यांत निघेल.