गॅमा किरणांच्या काचेतून शिसं हद्दपार करावं का?

काचवेडा
शिसं पेट्रोलमधून गेलं, रंगांतून गेलं, मग गॅमा किरण (किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे भेदक किरण) अडवणाऱ्या काचेतच त्याचे एवढे लाड का? जड काचेत निम्म्याहून जास्त वजन लेड ऑक्साइडचंच असतं. बिस्मथ आवर्त सारणीत त्याच्या शेजारीच आहे: शिसं 82, बिस्मथ 83. किरण अडवण्यात तो तसूभरही कमी नाही आणि विषारीपणा नगण्य. नव्या खिडक्यांत शिसं बंदच करा, असं माझं मत.

खिडकीपलीकडे
नगण्य नाही, बराच कमी म्हणा. पण मी हॉट सेलवर काम केलंय. जाड भिंतीआड किरणोत्सारी माल, बाहेर आपण, आणि मधल्या खिडकीतून बघत यांत्रिक हात चालवायचे. खिडकी मीटरभर जाड. तिथे किरण अडले म्हणून भागत नाही, दहा वर्षांनी कुपीचं झाकणही दिसायला हवं. साधी शिशाची काच किरण खाऊन तपकिरी पडते, म्हणून आतल्या बाजूचे ठोकळे सिरियम (एक धातू) घातलेले. ते जन्मतःच पिवळट, पण पुढे काळवंडत नाहीत. बिस्मथचं ऑक्साइड मात्र भट्टीतच क्षपण होऊन (ऑक्सिजन गमावून) धातूचे कण सोडतं आणि काच काळपट होते. नाण्याएवढी चकती स्वच्छ दिसली म्हणून हुरळू नका, मीटरभर जाडीतून बघा!

आकडेमोड
दोघेही ऊर्जेबद्दल बोलत नाही आहात. रुग्णालयातल्या तपासण्यांत वापरतात त्या टेक्नेशियम-99एमची गॅमा 140 केईव्हीची (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक, हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही). तिथे शिसं साध्या काचेच्या दहापटींहून जास्त अडवतं, तेही ग्रॅमला ग्रॅम. जास्त ऊर्जेच्या किरणोत्सारी कोबाल्ट-60 वर या (1.17 आणि 1.33 एमईव्ही), तिथे कॉम्प्टन विकिरणाचं राज्य, म्हणजे किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून विखुरतात. ग्रॅममागे शिसं आणि काँक्रीट जवळपास सारखेच. उरते ती फक्त घनता: 5.2 घनतेची शिशाची काच सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास मारा निम्मा करते, 2.5 घनतेच्या साध्या काचेला पाचेक सेंटिमीटर लागतात. जागा असेल तर शिसंही नको, बिस्मथही नको. जाड साधी काच लावा की!

खिडकीपलीकडे
आणि दुप्पट जाडीतून बघायचं? यांत्रिक हातही तेवढेच लांब? गणित बरोबर आहे हो, पण खिडकीशी आठ तास उभं राहणारा माणूस त्यात धरलेला नाही.

फडकं
मी बाजू घेत नाही, पण शिशाच्या काचेचे चोचले फार. मऊ, पटकन ओरखडे पडतात, दमट हवेत डाग धरते. आमच्याकडे एकाने आम्लाचं क्लीनर मारलं आणि पृष्ठभाग कायमचा धुरकट झाला. शिसं काचेच्या जाळ्यात जखडलेलं असतं म्हणतात, तर आम्लाला ते कसं सापडतं? आणखी एक गंमत: बिस्मथ बऱ्याच अंशी शिसं शुद्ध करतानाच हाती लागतो. म्हणजे शिशाची खाण बंद करून बिस्मथ आणणार कुठून?

काचवेडा
खाण बंद करा असं मी म्हणालोच नाही, काचेतलं शिसं काढा म्हणालो. मीटरभर खिडकीचं राहू द्या. किरणोत्सारी औषधाच्या सिरिंजवर किरण अडवायला घालतात त्या कवचापासून तरी सुरुवात करू. तिथे 140 केईव्हीच आहे आणि काच बोटभर.

खिडकीपलीकडे
ते कवच बऱ्याचदा टंगस्टनचंच असतं. औषधाची पातळी दिसावी म्हणून त्यात शिशाच्या काचेची एक पट्टी बसवलेली असते, तेवढीच. ती बदलून दाखवा, माझी हरकत नाही. फक्त सिरिंजवरच्या रेघा वाचता आल्या पाहिजेत.