थ्रिलरला ‘रहस्यकथा’ म्हणावे काय?

पानगळ: एका नियतकालिकासाठी मी अलीकडच्या तीन कादंबऱ्यांचे एकत्रित परीक्षण लिहिले. त्यांतली एक प्रेमकथा, एक भयकथा आणि एक थ्रिलर. शेवटच्या कादंबरीला मी ‘थरारकथा’ म्हटले होते, ते बदलून संपादकांनी ‘रहस्यकथा’ केले. वास्तविक खून कोणी केला हे तिच्यात पहिल्याच प्रकरणात कळते. पुढची सगळी पाने तो सापडतो की निसटतो एवढ्यावरच उभी आहेत. जिच्यात रहस्यच नाही तिला रहस्यकथा म्हणणे मला पटत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

शब्दवेल्हाळ: संपादकांचे फारसे चुकलेले नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांतल्या कित्येकांत काळापहाडाची किंवा झुंजारची धाडसेच रहस्यापेक्षा भाव खाऊन जातात, तरी वाचक त्यांना रहस्यकथाच म्हणत आले. ‘थरार’ हा शब्द तर दहीहंडीच्या बातमीला ‘थरांचा थरार’ असा मथळा देणाऱ्यांनी पार झिजवला आहे.

माळवी: आमच्याकडे इंदूरला हिंदीच्या संगतीने थ्रिलरला ‘रोमांचक’ म्हणतात. पुण्याच्या मावसबहिणीला मी ‘फार रोमांचक आहे’ असे सांगून एक कादंबरी दिली, तर तिने ती प्रेमकथा समजून वाचायला घेतली आणि तिसऱ्या प्रकरणात प्रेत निघाल्यावर मला फोन केला. रोमांच आणि रोमान्स कानाला सारखे लागतात, त्याचा हा परिणाम असावा. वस्तुतः रोमांच म्हणजे अंगावर उठणारा काटा, मग तो प्रीतीने उठो वा भीतीने.

जुनी वही: नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांत, म्हणजे भावना दाटली की अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणांत, रोमांच आहे आणि वेपथू, म्हणजे कंपही आहे. थरार हा वेपथूचाच देशी भाऊ. हे दोन्ही शृंगारात येतात तसे भयानकातही येतात. प्रेमकथा आणि भयकथा यांना नाव मिळाले ते मनातल्या भावावरून, थ्रिलरला मात्र अंगावर दिसणाऱ्या परिणामावरून. म्हणून तो कुठल्याच खणात नीट बसत नाही. (‘वेपथुकथा’ सुचवीत नाही, घाबरू नये.)

पानगळ: मग सरळ ‘थ्रिलर’च लिहावे काय?

शब्दवेल्हाळ: अवश्य. बाणभट्टाच्या नायिकेचे ‘कादंबरी’ हे नाव उचलून त्याला ‘नॉव्हेल’चा अर्थ देणाऱ्या भाषेला थ्रिलर पचायला जड जाणार नाही.

माजघर: या न्यायाने भयकथेलाही ‘हॉरर’ म्हणावे लागेल, किंबहुना म्हणतातच. नारायण धारपांच्या त्या भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या त्या गूढकथा, असे म्हणताना वाचक एक फरक राखत होते. पहिल्या प्रकारात अमानवी शक्ती समोर येऊन ठाकते, दुसऱ्यात ती खरी की माणसाच्या मनाचा खेळ, हे झाकलेले राहते. आणि ‘गूढ’ म्हणजे मुळात झाकलेलेच. ‘हॉरर’च्या एका फटकाऱ्यात हे सारे पुसले जाते.

जुनी वही: फरक एवढा काटेकोर कधीच नव्हता. मतकरींच्या गूढकथांतही भुते आहेत. ‘भय’पेक्षा ‘गूढ’ अधिक प्रतिष्ठित वाटते, म्हणून ते नाव टिकले असा मला संशय आहे.

माजघर: यात प्रतिष्ठेचा संबंध येतोच कुठे? भूत दिसणे वेगळे आणि ते का आले हे न उलगडणे वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या कथेला भयकथा म्हणायला माझी अजिबात तयारी नाही, मग तिच्यात एक भूत असो की दहा.