व्हिडिओची मिती, माप की आकारमान?

खटपट्या
वेबवरच्या व्हिडिओ प्लेयरची माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय. 'डायमेन्शन्स'ला आतापर्यंत सगळीकडे 'आकारमान' लिहिलं, पण वाचताना खटकतंय. 'मिती' चालेल? 'परिमाण'? की सरळ 'साइझ' लिहून मोकळं व्हावं?

चौकस
आकारमान नकोच. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे शाळेत घोकलेल्या माणसाला तिथे खोलीही दिसणार. 'साइझ' म्हटलं की निम्मे लोक फाइल किती एमबीची ते सांगतील. 'परिमाण' मोजण्याच्या एककाकडे झुकतो. मिती बरा, द्विमिती, त्रिमिती सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. (जुन्या पत्रांच्या माथ्यावरची मिती म्हणजे तिथी. तिच्याशी इथे घोळ व्हायचा नाही.)

रेषा
साधं 'लांबी-रुंदी' का नको? खोलीची, चादरीची तशीच सांगतो की आपण.

चौकस
बोलताना आपण मोठ्या बाजूला लांबी म्हणतो. फोन उभा धरून काढलेल्या व्हिडिओत मोठी बाजू उभी असते. मग लांबी कुठली? रुंदी कायम आडवी, उंची कायम उभी, एवढं पक्कं ठेवलं की भांडण मिटतं.

उलटसुलट
शब्द नंतर ठरवा, आधी गोष्टी किती आहेत ते बघा. मला तीन दिसतात, आणि तिघींना एकच नाव दिलंत तर वाचणारा चुकीचा कोड लिहिणार.

पहिली, फाइलमध्ये साठवलेली मिती. एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीत चित्र १६ बाय १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांत कापलं जातं. १०८० ला १६ नं पूर्ण भाग जात नाही, म्हणून १०८० ओळींच्या चित्रासाठी १०८८ साठवतात आणि दाखवताना ८ ओळी छाटतात. पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ असतं, पण चित्र १६:९ चं असेल तर ते ताणून १०२४ बाय ५७६ दाखवायचं असतं. फोनचं उभं चित्रणही पुष्कळदा आडवंच साठवलेलं असतं, सोबत 'फिरवून दाखवा' अशी खूण.

दुसरी, ही छाटाछाट, ताणणं, फिरवणं झाल्यावरची मिती. ब्राउझर 'व्हिडिओविड्थ' आणि 'व्हिडिओहाइट' मध्ये देतो ती हीच.

तिसरी, पानावर व्हिडिओला दिलेली चौकट. ती सीएसएस (पानाची मांडणी सांगणारे नियम) ठरवतं. काहीच ठरवलं नसेल, पोस्टरही (व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसणारं चित्र) नसेल, तर माहिती येईपर्यंत ३०० बाय १५०. हे आकडे कुठे दिसले तर समजा, कोणीतरी व्हिडिओऐवजी चौकट मोजलीय.

रेषा
मग दुसरीला 'अंगभूत मिती'? मूळ शब्द 'इंट्रिन्सिक' आहे ना?

उलटसुलट
सॉफ्टवेअरच्या मराठीत 'अंगभूत' हा 'बिल्ट-इन'ला आधीच बांधलाय. 'मूळ' म्हणाल तर लोक पहिलीकडे धावतील. मी 'साठवणीची', 'चित्राची' आणि 'चौकटीची' मिती म्हणेन. थोडं बाळबोध आहे, पण काम होतं.

खटपट्या
आवडलं. पण चित्राची मिती मला कधीकधी शून्य मिळते. तेही पुस्तिकेत लिहायला हवं.

उलटसुलट
घाईनं विचारलीत तर शून्यच मिळणार. फाइलची प्राथमिक माहिती आली की 'लोडेडमेटाडेटा' हा इव्हेंट, म्हणजे ब्राउझरची तशी सूचना, येतो, त्यानंतर विचारायची. त्यातही मेख आहे: फाइल कॅशमध्ये (ब्राउझरनं आधीच जपून ठेवलेली) असेल आणि तुम्ही ऐकायला उशिरा बसलात, तर तो येऊन गेलेला असतो. म्हणून आधी 'रेडीस्टेट' (किती माहिती आलीय ते सांगणारा आकडा) बघा. १ किंवा जास्त असेल तर लगेच वाचा, नाहीतर वाट बघा. सेटटाइमआउट लावून अर्धा सेकंद थांबणारे महाभाग आहेत. मंद नेटवर तो कोड तोंडघशी पडतो.

आणि एकदा वाचून जपून ठेवू नका. नेटच्या वेगानुसार दर्जा बदलणाऱ्या प्रसारणात चित्र ६४० बाय ३६० वरून १२८० बाय ७२० वर जाऊ शकतं. तेव्हा व्हिडिओ घटकावरच 'रिसाइझ' इव्हेंट येतो. खिडकीचा रिसाइझ वेगळा, त्याला हे कळत नाही. चौकटीवर नजर ठेवायला रिसाइझऑब्झर्व्हर.

नुसता आवाज असेल तर मात्र माहिती आल्यावरही शून्यच. ती चूक नाही, चित्रच नाही.

रेषा
आणि चौकटीत चित्राच्या बाजूला काळ्या पट्ट्या येतात, तेव्हा?

उलटसुलट
हो, मग चौथी मिती निघते: प्रत्यक्ष दिसणाऱ्या चित्राची. ती थेट विचारता येत नाही, काढावी लागते. सीएसएसमधलं 'ऑब्जेक्ट-फिट' कंटेन (चित्र न कापता चौकटीत मावेल असं) असेल तर चौकटीची रुंदी भागिले चित्राची रुंदी, तसंच उंचीचं. दोन्हींतला लहान आकडा घ्यायचा आणि त्यानं चित्राची मिती गुणायची. उपशीर्षकं नेमकी चित्रावर बसवायची असतील तर ही लागतेच.

चौकस
तिला 'दृश्य मिती' म्हणा.

खटपट्या
ठरलं. आता 'इव्हेंट'ला 'घटना' लिहू का? "लोडेडमेटाडेटा ही घटना घडल्यावर माप घ्यावे."

रेषा
पंचनामा वाटतोय. इव्हेंटच राहू द्या.