मराठीत डब केलेलं कार्टून पुरेसं आहे का?

ओवीची_आई (नाशिक):
मुलगी साडेचार वर्षांची. मराठीत डब केलेली कार्टून लावून देते. डोराकेक कसा असतो ते तिला तोंडपाठ आहे, पण आजोळी इगतपुरीकडे शेतात नागलीची आवणी (नाचणीच्या रोपांची लावणी) चालली होती तिकडे ढुंकून पाहिलं नाही. भाषा मराठी असली की झालं, की मुलांसाठी इथेच बनलेलं काही हवं?

गिरगावकर:
इथलंच हवं. मुंबई दूरदर्शन 1972 ला सुरू झालं, त्यावर आमच्यासाठी 'किलबिल' असायचं. पुढे माझ्या मुलांनी 'गोट्या' मालिका पाहिली आणि मग ना. धों. ताम्हनकरांचं पुस्तक मागून घेतलं. मी सांगून त्यांनी ते कधीच हातात धरलं नसतं.

माणदेशी_मास्तर:
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. जुलै 2020 मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांना धरून. आमच्या वस्तीवर निम्म्या घरांत स्मार्टफोन नव्हता, पण टीव्ही होता. एका घरी गेलो तर आजी सोप्यात चवळी निवडत बसलेल्या. भाग संपला तशा दोघी नाती उठल्या आणि सुपातल्या चवळीचे दहा-दहाचे ढीग घालायला लागल्या. आजी आधी ओरडल्या, मग स्वतःच मोजायला बसल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई त्या दिवशी दशक-एकक शिकवत होती! पडद्यावरचं सामान आपल्याच घरातलं असलं की पोरं लगेच करून बघतात. डबिंगमध्ये बोलणं मराठी होतं, पण घर, स्वयंपाक, शेत, शाळा सगळं दुसऱ्याचंच राहतं.

ही ताकद आपल्याकडे आधीपासून होती. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी उभी राहिली, शाळकरी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम बनवायची, ते दूरदर्शनवर दिसायचे. 2017 मध्ये ती बंद केली. मला आजही याचं फार वाईट वाटतं. असे कार्यक्रम करणारी माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत.

सिंहगड_रोड:
सर, मान्य. पण आता टीव्ही बघतंय कोण? यूट्यूबवर मराठी बालगीतं ढिगानं आहेत.

माणदेशी_मास्तर:
आहेत, आणि काही छानही आहेत. पण बरीचशी एकाच साच्यातली, चाल तीच, नुसते शब्द बदललेले. कुठे दाखवायचं हा प्रश्न नंतरचा. आधी लेखक, शिक्षक, बाहुलीवाले, कॅमेरावाले एकत्र बसवून वर्षभर पगार कोण देणार, ते ठरायला हवं. जाहिरातीवर हे चालत नाही, सरकारनेच पैसे घालायला हवेत.

ओवीची_आई:
सर, आमच्या बालवाडीच्या पालकसभेत हा विषय काढते. सह्याद्रीकडे संध्याकाळचा अर्धा तास मागायचा तर अर्जात नेमकं काय लिहावं?

माणदेशी_मास्तर:
वयोगट लिहा, तीन ते सहा. या वयासाठी सगळ्यात कमी आहे. आणि कोकण, विदर्भ, खानदेश, सगळीकडची मुलं त्यांच्या त्यांच्या बोलीत दिसू देत, हे नक्की घाला. मसुदा इथे टाका, आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या सह्या मी आणतो.